‘नॉर्मल’ बाळंतपणातल्या जखमा

कुणाचं बाळंतपण झालं की आपण विचारतो, “सुटली का? मोकळी झाली का?” बाई अडकलेली असते आणि मूल बाहेर आलं की ती सुटते, असा त्या विचारण्याचा अर्थ. दवाखान्याचा कागदही तेच सांगतो, फक्त इंग्रजीत: नॉर्मल डिलिव्हरी, आई आणि बाळ सुखरूप. मुलगा असेल तर पेढे वाटले जातात, मुलगी असेल तर बर्फी, तीही मनापासून वाटली जाईलच असं नाही. मग घर बाळाच्या मागे लागतं.

त्यानंतर जे सुरू होतं ते त्या कागदावर नसतं. खोकली की लघवी गळते. संडासला लागली की सार्वजनिक संडासाच्या रांगेपर्यंत धीर धरवत नाही. चारचौघींत बसलेली असताना वारा सुटतो आणि तो रोखता येत नाही, म्हणून ती हळदीकुंकवाला जायचंच बंद करते. टाक्यांच्या जागी दुखतं, नवऱ्याजवळ झोपायची भीती वाटते, आणि त्याची बोलणी खावी लागतात. उकिडवं बसून भांडी घासताना खाली काहीतरी ओघळल्यासारखं वाटतं आणि काही वर्षांनी खरोखरच अंग बाहेर येतं. ती हातानं आत ढकलते आणि कामाला लागते. विचारलं तर म्हणते, “बाईच्या जातीला हे असायचंच.”

हे ‘असायचंच’ मला मान्य नाही, म्हणून हा लेख. माझं म्हणणं असं की या इजांना आपण बाईच्या शरीराचा दोष नाहीतर नशिबाचा भोग मानतो. पण त्यातल्या बऱ्याचशा प्रसूतीच्या खोलीत कुणीतरी केलेल्या किंवा न केलेल्या गोष्टींशी बांधलेल्या आहेत, आणि पुढच्या महिन्यांत तिच्या डोक्यावर जे ओझं येतं त्यानं त्या वाढतात. हुंडाबळी, मारहाण, गर्भलिंगनिदान यांवर आपण रस्त्यावर आलो. या दुखण्यावर मात्र आपल्या शिबिरांतही रात्री, दिवे मालवल्यावर, दोघी-तिघींतच बोलणं होतं.

बायका बोलत नाहीत हेही अर्धंच खरं. त्यांना विचारलं जात नाही. गडचिरोली जिल्ह्यातल्या वसा आणि अमिर्झा या दोन गावांत डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जेव्हा खरोखर विचारलं आणि तपासलं, तेव्हा काय निघालं ते १९८९ च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. ६५० बायकांपैकी ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होतं, एकेकीला सरासरी ३.६ दुखणी होती, आणि आधी कधी आतून तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. त्या अभ्यासात सगळ्याच प्रकारचे स्त्रीरोग होते, आपल्या विषयापुरता तो नव्हता. पण गावातली बाई गप्प आहे म्हणजे बरी आहे, हा समज त्यानं कायमचा मोडला. मोडायला हवा होता, असं म्हणणं जास्त खरं ठरेल.

आता नेमकं दुखावतं काय ते पाहू, कारण आपल्याच शरीराच्या या भागाचं चित्र आपल्यापैकी अनेकींनी कधी पाहिलेलं नसतं. ओटीपोटाचा तळ, डॉक्टर ज्याला पेल्विक फ्लोअर म्हणतात, तो म्हणजे पुढच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत बांधलेली स्नायूंची झोळी. मूत्राशय, पिशवी म्हणजे गर्भाशय, आणि आतड्याचा शेवटचा भाग हे सगळं या झोळीवर विसावलेलं असतं आणि तिन्हींच्या वाटा तिच्यातूनच बाहेर पडतात. बाळाचं डोकं बाहेर येताना झोळीचा मधला भाग मूळ लांबीच्या तिपटीहून अधिक ताणला जातो. हातापायाचा स्नायू याच्या निम्म्यानं ताणला तरी दुखावतो. गरोदरपणात हा भाग मऊ होतो, म्हणून बहुतेकींचा तो सावकाश परत जागेवर येतो. काहींचा मात्र हाडापासून उखडतो. अमेरिकेत डॉ. डीलॅन्सी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये एमआरआय काढून पाहिलं, तर पहिलं बाळंतपण खालून झालेल्या दर पाच बायकांमागे एकीच्या या स्नायूत दोष दिसला. मूल न झालेल्या एकीतही दिसला नाही. ही इजा कातडीखाली असते. टाके घालणारीला ती दिसत नाही. पुढे वीस-तीस वर्षांनी अंग बाहेर येतं तेव्हा त्याचा या दिवसाशी असलेला संबंध कुणाच्याच लक्षात राहिलेला नसतो.

दुसरी इजा दिसणारी असते: फाटणं. डॉक्टर त्याच्या चार पायऱ्या धरतात. पहिलीत कातडी फाटते, दुसरीत आतले स्नायू, तिसरीत गुदद्वाराभोवतीचं कडं आणि चौथीत आतड्याचं अस्तरही. पहिल्या दोन बहुतेक वेळा नीट टाके घातल्यावर भरून येतात. तिसरी-चौथी त्याच वेळी ओळखून, चांगल्या उजेडात, भूल देऊन, शिकलेल्या हातानं शिवली नाही तर संडास आणि वाऱ्यावरचा ताबा आयुष्यभरासाठी जाऊ शकतो.

कुणाला धोका जास्त, याची यादी पुस्तकात असते: पहिलं बाळंतपण खालून होणं, वय जास्त असणं, बाळ चार किलोच्या वर असणं, बाळाचं तोंड उलट्या बाजूला असणं, कळा फार वेळ चालणं, चिमटा लावावा लागणं, आधीच्या वेळी मोठं फाटलेलं असणं. इंग्लंडमधल्या यादीत आणखी एक नोंद असते, ‘आशियाई वंश’. म्हणजे तिकडे नांदायला गेलेल्या आपल्या मुली. यादी खोटी नाही. पण ती ज्या क्रमानं सांगितली जाते त्यात एक राजकारण आहे. आधी बाईचं वय, बाईची जात-वंश, बाईचं बाळ. आणि तिच्यावर चाललेले हात यादीच्या तळाशी.

आता मोठ्या बाळाचंच पाहा. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या संशोधकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या गावांमधल्या गरोदर बायकांचा अभ्यास केला. त्या बाळांचं जन्माचं सरासरी वजन होतं २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनच्या बाळांचं साडेतीन. म्हणजे आमची बाळं लहान, तिकडच्या बाळांपेक्षा पाऊण किलोनं हलकी. मग आमच्या बायकांची अंगं बाहेर का येतात? याच अभ्यासात हेही दिसलं की गरोदरपणात ज्या बायका शेतीची, पाणी आणण्याची, अंगमेहनतीची कामं जास्त करत होत्या त्यांची बाळं आणखी लहान होती. बाळाच्या वजनावर बोट ठेवून आपली सुटका होणार नाही. (मधुमेह असलेल्या मातेचं बाळ मात्र अवाजवी मोठं होऊ शकतं, आणि शहरात हे प्रमाण कमी नाही, म्हणून गरोदरपणातली साखरेची तपासणी टाळू नये, हे जाता जाता.)

तर मग हातांकडे वळू.

सगळ्यात आधी, टेबल. बाईला पाठीवर उताणं निजवून पाय वर बांधले की डॉक्टरांना सोयीचं होतं. बाईला ते सोयीचं असतंच असं नाही. ओणवं, कुशीवर, गुडघ्यांवर, उकिडवं, तिला जसं बरं वाटेल तसं बाळंत होऊ द्यावं, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ च्या आपल्या शिफारशींमध्ये स्पष्ट लिहिलं आहे. त्याच शिफारशींमध्ये असंही आहे की बाईला आपण होऊन जोर करावासा वाटेल तेव्हाच तिनं तो करावा. आपल्याकडे काय चालतं? “श्वास धर, जोर कर, अजून कर, सोडू नकोस.” आणि तिला ते जमलं नाही तर मांडीवर चापट, आणि ते वाक्य, जे वस्तीतल्या प्रत्येक गटात एखादी तरी बाई सांगतेच: “तेव्हा बरं गोड लागलं, आता कशाला ओरडतेस?” मला हे वाक्य अपमानाचं म्हणून खटकतंच, पण ते शरीरालाही इजा करणारं आहे. घाबरलेली बाई अंग आवळून घेते, सांगितलेलं ऐकू येण्याच्या पलीकडे जाते, आणि डोकं बाहेर येण्याच्या ज्या घटकेला तिनं थांबून हळू श्वास सोडायला हवा, त्याच घटकेला जिवाच्या आकांतानं जोर लावते. ज्या बाईशी कुणी धीरानं बोलत नाही तिचं अंग हळूहळू मोकळं होणार कसं?

मग पोटावरचा दाब. एकजण स्टुलावर उभी राहून दोन्ही हातांनी, कधी कोपरानं, वरून पोट दाबते. बाळंतपण लांबलं की हे सर्रास होतं. बायका ते सांगतात तेव्हा अंगावर काटा येतो. बाळ बाहेर काढण्यासाठी असा दाब देऊ नये, अशी २०१८ च्या त्याच शिफारशींमधली सूचना आहे. कळा वाढवायचं इंजेक्शन किंवा सलाईन गरज नसताना, नीट देखरेख न ठेवता लावणं, हीही तशीच घाई.

मग कात्री. पहिलटकरणीला छेद द्यायचाच, हा नियम आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या शिकवला गेला. “टाके किती पडले?” हा प्रश्न आपण इतक्या सहज विचारतो की जणू ते बाळंतपणाचंच एक अंग आहे. सरसकट छेद देऊ नये, असं आता जगभर मानलं जातं. गरज असते तेव्हा तो बाजूला तिरका द्यायचा असतो, साधारण ६० अंशांचा कोन धरून; सरळ खाली दिलेला छेद गुदद्वाराच्या कड्यात शिरण्याचा धोका मोठा. चिमट्याचंही तसंच. अडलेल्या बाळाचा जीव त्यानं वाचतो आणि म्हणून तो हवा. पण स्नायू उखडण्याचा आणि कडं फाटण्याचा धोका चिमट्यानं सगळ्यात जास्त वाढतो, व्हॅक्यूमनं त्याहून कमी. हे बाईला माहीत असायला हवं, निदान नंतर तरी. तुझ्या बाळंतपणात चिमटा लावला होता, पुढे असं-असं झालं तर ये, एवढं सांगायला किती वेळ लागतो?

मी सिस्टरवर सगळं ढकलू इच्छित नाही. एका पाळीत एकटी सिस्टर, कळा देणाऱ्या चार-पाच बायका, टेबलं त्याहून कमी, आणि बाहेर आणखी एक रिक्षा येऊन थांबलेली. टेबल मोकळं करायची घाई तिच्या स्वभावातून येत नाही, ती भरती न झालेल्या जागांमधून येते. आपण एखाद्या दवाखान्यावर मोर्चा नेतो तेव्हा सिस्टरला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करून परत येतो, आणि तिच्या शेजारची रिकामी जागा कुणी भरली नाही हे विचारायचं राहून जातं.

हात नीट शिकवले तर काय होऊ शकतं, याचं उदाहरण नॉर्वेचं. तिथे गुदद्वाराचं कडं फाटण्याचं प्रमाण काही इस्पितळांत चार ते पाच टक्क्यांवर गेलं होतं, शेजारच्या फिनलंडमध्ये मात्र ते फार कमी होतं. फिनलंडच्या सुईणी डोकं बाहेर येताना एका हातानं डोक्याचा वेग धरतात आणि दुसऱ्या हातानं खालचा भाग सांभाळतात. नॉर्वेच्या सुईणींना आणि डॉक्टरांना ही जुनी रीत पुन्हा शिकवली आणि प्रमाण एक-दोन टक्क्यांवर उतरलं. नवं यंत्र लागलं नाही, नवं औषध लागलं नाही. गरम पाण्यात पिळलेला कपडा खालच्या भागावर धरल्यानंही मोठं फाटणं कमी होतं, हे आता अभ्यासांनी दाखवलं आहे. आपल्या जुन्या जाणत्या सुईणी शेक देत होत्या, हे सांगितलं की शिकलेली माणसं हसायची.

म्हणून घरच्या बाळंतपणाकडे परत चला, असं म्हणणाऱ्या मैत्रिणीही आपल्यात आहेत. मला ते पटत नाही. १९९२-९३ मध्ये महाराष्ट्रात निम्म्याहून कमी बाळंतपणं दवाखान्यात होत होती. २०१९-२१ च्या पाहणीत ते प्रमाण ९४.७ टक्के निघालं. २०१८-२० मध्ये राज्यातला मातामृत्यूचा आकडा लाख जन्मांमागे ३३ वर आला होता. या बायका जगल्या आहेत आणि हे यश कमी लेखायचं कारण नाही. शिवाय पोटावर दाब देणाऱ्या सुईणीही होत्याच. प्रश्न असा की मरण टळलं एवढ्यावर हिशेब बंद करायचा का? समाजकार्याच्या अभ्यासक्रमात मातामृत्यूची कारणं आम्हांला तोंडपाठ करायला लावली होती. जगलेल्या बाईच्या शरीराचं काय झालं यावर दोन वर्षांत एक तास झाला नाही.

दुसरं टोक म्हणजे, हे सगळं टाळायचं तर सरळ सिझेरियन करा. पैसेवाल्या घरांत हा सल्ला ऐकू येतो आणि काही दवाखान्यांना तो सोयीचाही असतो. सिझेरियननं खालचं फाटणं टळतं, अंग बाहेर येण्याचा धोका कमी होतो, हे खरं. पण पोटावरची शस्त्रक्रिया, रक्तस्राव, पुढच्या गरोदरपणात वार भलत्या जागी रुजण्याची भीती हे सगळं बाईच्याच वाट्याला येतं. बाळंतपण वाईट रीतीनं केलं जातं म्हणून पोट फाडून घ्या, हा काय न्याय झाला?

आणि जखम भरून येण्याचे दिवस? आपल्या परंपरेत सव्वा महिना आहे. शेक-शेगडी, मालीश, डिंकाचे लाडू, जड उचलायचं नाही, गार पाण्यात हात घालायचा नाही. त्यातल्या विटाळाच्या कल्पनेशी आपलं भांडण आहेच, पण त्या चाळीस दिवसांत बाईच्या डोक्यावर हंडा येत नव्हता, ही गोष्ट शहाणपणाची होती. तो सव्वा महिना मिळतो कुणाला? पहिल्या वेळी माहेरी गेलेलीला, माहेर खातंपितं असेल तर. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी नाही. पुण्यात बांधकामावर मराठवाड्यातून आलेली बाई पंधरा दिवसांत पाट्या उचलायला लागते, कारण रोज बुडला की चूल बुडते. कचरा वेचणारी पाठीवर पोतं घेऊन, सतत वाकून काम करते. घरकाम करणारी उकिडवं बसून चार घरची भांडी घासते, बादल्या उचलते. १९८० मध्ये पुण्यातल्या मोलकरणींनी संप केला तेव्हा पगाराइतकाच सुटीचा प्रश्न त्यांना जिव्हाळ्याचा होता. २०१७ मध्ये बाळंतपणाची पगारी रजा २६ आठवड्यांची झाली, त्याचं आपण स्वागत केलं, पण ती रजा ज्यांच्याकडे नेमणुकीचं पत्र आहे त्यांची. मातृवंदना योजनेतले पहिल्या मुलासाठीचे ५००० रुपये हप्त्या-हप्त्यानं, आणि कागद जुळले तर येतात. त्यांत बिगाऱ्याच्या किती दिवसांची मजुरी निघते ते ज्यानं त्यानं मोजावं.

स्नायू आणि त्यांना धरून ठेवणारे बंध अजून सैल असताना ओझं उचललं, कोंडलेली संडास कुथून केली, खोकला अंगावर काढला की खालची झोळी आणखी ताणली जाते. त्यात अंगात रक्त नाही. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायका पंडुरोगी आहेत, आणि २० ते २४ वयाच्या बायकांपैकी जवळजवळ २२ टक्के बायकांची लग्नं अठराच्या आत झालेली आहेत, हे त्याच २०१९-२१ च्या पाहणीतले आकडे. अशा शरीराची जखम भरायला वेळ लागतो आणि वेळच तर तिच्याकडे नसतो. ‘धोक्याचे घटक’ म्हणून जी यादी छापतात तिच्यात ‘रोजंदारी’ हा शब्द मला अजून दिसलेला नाही.

दुखणं असह्य झालं की बाई शेवटी दवाखान्यात जाते. तिथे काय होतं? “पिशवी काढून टाका.” बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची गोष्ट आपल्याला माहीत आहे. २०१९ मध्ये सरकारी पाहणीत ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. त्या सगळ्या अंग बाहेर आल्यामुळे काढल्या असं नाही. पांढरं जाणं, पोटदुखी, अंगावरून जाणं, आणि पाळीमुळे खाडा नको ही मुकादमाची गरज, अशी अनेक कारणं त्यात होती. पण बाईच्या ओटीपोटातलं कुठलंही दुखणं असो, उत्तर एकच, ही वृत्ती तीच. आणि ज्या झोळीनं पिशवी धरलेली होती ती झोळीच फाटलेली असताना नुसती पिशवी काढून काय साधणार? मूत्राशय आणि आतडं त्या वाटेनं खाली यायला मोकळी राहतात.

गंमत अशी की पिशवी न काढता अंग वर बांधण्याच्या शस्त्रक्रिया घडवण्यात आपल्याच माणसांचा वाटा आहे. मूळचे गोव्याचे, मुंबईत काम केलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांचं नाव गर्भपात टाळण्याच्या टाक्यासाठी जगात घेतलं जातं. अंग बाहेर आलेल्या तरुण बायकांसाठी गर्भाशय वर टांगून ठेवणारी शस्त्रक्रियाही त्यांनी बसवली, मुंबईच्या डॉ. पुरंदऱ्यांनीही अशीच एक बसवली. त्यांना तशी गरज वाटली, कारण त्यांच्यासमोर येणाऱ्या बायका पंचविशी-तिशीतल्या होत्या. शस्त्रक्रियेच्याही आधी साधे उपाय आहेत. आत बसवायची रबराची किंवा सिलिकॉनची रिंग असते, ती स्वस्त आहे आणि पुष्कळ जणींना पुरते. आणि व्यायाम: लघवी मध्येच थांबवायला जे स्नायू आवळतो तेच आवळायचे, काही क्षण धरायचे, सोडायचे, दिवसातून अनेकदा. (लघवी करताना मात्र करत बसू नये, ओळख पटेपर्यंतच ती खूण.) गरोदरपणात आणि नंतर तो नेमानं केला तर लघवी गळणं पुष्कळ आटोक्यात येतं. १९४८ मध्ये अमेरिकेतल्या डॉ. केगल यांनी तो लिहून ठेवला. भांडी घासता घासता होतो, साडी नीट करावी लागत नाही, कुणाला कळतही नाही. बाळंतिणीला हा व्यायाम कुणी शिकवला का, असं मी वस्त्यांमधल्या गटांत विचारते तेव्हा उत्तर बहुधा एकच येतं: पोट बांधायला सांगितलं होतं.

इजा झालीच तर ती त्याच दिवशी ओळखणं, हाही मोठा भाग आहे. इंग्लंडमध्ये २००६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर नेहमीच्या तपासणीत कडं फाटलेल्या बायका ११ टक्के निघाल्या. त्याच बायकांना टाके घालण्याआधी एका अनुभवी डॉक्टरनं पुन्हा नीट तपासलं, तर त्या जवळजवळ २५ टक्के निघाल्या. तिथे, इतक्या सोयी असताना, निम्म्याहून अधिक इजा नजरेतून सुटत होत्या. उजेड नसलेल्या, भूल न देता “आता झालंच, थोडं सोस” म्हणत टाके घालणाऱ्या आपल्याकडच्या खोल्यांमध्ये किती सुटत असतील याचा विचारच केलेला बरा.

नेपाळमध्ये हा प्रश्न न्यायालयात गेला. २००८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं अंग बाहेर येण्याचा प्रश्न बायकांच्या प्रजननहक्कांचा भंग ठरवला आणि सरकारला पावलं उचलायला सांगितलं. आपल्याकडे कोर्टाची पायरी चढायच्या आधीही करण्यासारखं आहे. २०१७ च्या डिसेंबरात सुरू झालेल्या ‘लक्ष्य’ या केंद्र सरकारच्या कार्यक्रमात प्रसूतीच्या खोल्यांची तपासणी आणि बाईशी सन्मानानं वागणं हे लिहिलेलं आहे. तिच्याबरोबर तिच्या माणसाला राहू द्यावं, हे सरकारनं २०१६ मध्येच कळवलं आहे. जोडीला एक बाई असली तर चापट मारणारा हात आपोआप आवरतो. पुणे महापालिकेच्या प्रसूतिगृहांत आपापल्या वॉर्डातल्या गटांनी जाऊन हे विचारता येईल: सोबतीण आत राहू देता का? टाके घालायच्या टेबलाजवळ दिवा आहे का? भूल देता का? आणि घरी सोडतानाच्या कागदावर ‘नॉर्मल’च्या पुढे आणखी दोन ओळी लिहा. छेद दिला का, किती फाटलं, चिमटा लावला का, टाके कुणी घातले. हे लिहायला पैसे लागत नाहीत. पुढच्या बाळंतपणाच्या वेळी दुसऱ्या डॉक्टरला त्याचाच उपयोग होतो, कारण एकदा मोठं फाटलेल्या बाईचं पुढचं बाळंतपण विचारपूर्वक ठरवावं लागतं.

आशाताई दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला पाहायला सहा वेळा घरी येते: तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस. ही पद्धत गडचिरोलीतल्या घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याच्या कामातूनच देशभर गेली. बाळाचं वजन, ताप, दूध ओढतं का, सगळं पाहते. सहाव्या फेरीला तिनं आईलाही विचारावं: लघवी गळते का, संडास रोखता येते का, खाली जड वाटतं का, टाके दुखतात का. यातल्या एकाचं जरी उत्तर ‘हो’ आलं तर तिला कुठे पाठवायचं हेही ठरलेलं हवं. नाहीतर विचारून फक्त तोंड उघडायला लावल्यासारखं होईल.

या प्रश्नांचे शब्द मात्र दवाखान्याचे नकोत. ‘अंग बाहेर येणं’ पुण्यात कळतं. कुठे ‘मायांग’ म्हणतात, कुठे नुसतं ‘खाली येतंय’ म्हणतात, कुठे बाई शब्दच उच्चारत नाही, बोटानं दाखवते. आपापल्या भागात, आपापल्या गटात बायका या दुखण्यांना काय म्हणतात ते लिहून पाठवा. बोलताना लाजत असतील तर कशी खूण करतात तेही लिहा. पुढच्या अंकापर्यंत ते सगळं एकत्र करून आशाताईंसाठी प्रश्नांचा एक कागद तयार करायचा आहे.